इंजिनचं काम केलं, तरी गाडी ऑइल का खातेय?

"मालक, गाडी ऑइल प्यायला लागलीय की ओ."

वर्षातनं चार-पाच वेळा तरी हे वाक्य माझ्या गॅरेजच्या शटरच्या आत येतं. माणूस बदलतो, गाडी बदलते. ओम्नी, ८००, कुणाची हौसेची पद्मिनी, कधी एखादी जीप. पुढची गोष्ट मात्र तीच. दोन महिन्यांपूर्वी इंजिनचं पूर्ण काम झालेलं असतं. बोअर मारलेला, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केलेला, हेडचं फेसिंग केलेलं. बिलावरनं घरात एकदा वाजून गेलेलं असतं. आणि सायलेन्सरमधनं निळा धूर.

या खेपेला आलेली ओम्नी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहणारी होती. मालक कागलकडचे, वयानं मोठे, मी त्यांना आण्णा म्हणतो. काम दुसरीकडं झालं होतं. कुठं झालं ते मी विचारलं नाही, विचारून उपयोग नसतो. मी एवढंच विचारलं, "आण्णा, पहिलं ऑइल कुठलं घातलं?"

"पोरानं पुण्यासनं आणलं. फुल सिंथेटिक. म्हटलं, एवढा खर्च केलाय तर ऑइलात कशाला काटकसर?"

"आणि पहिल्या दिवशी काय केलं?"

"आयडलवर ठिवली. सकाळपासनं दुपारपत्तोर चालूच. मग हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्हेली न्हाई. अंड्यावानी जपली बघा."

एवढं ऐकल्यावर हेड न उघडताही आत काय दिसणार याचा अंदाज येतो. तरी मी थेट ऑइलवर ठपका ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. क्रमानं बघत जा.

आधी धूर कधी येतो ते बघा

धूर येतो एवढं सांगून काही कळत नाही. तो कधी येतो त्यात सगळं आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की भपकन निळा ढग येतो आणि मिनिटाभरात साफ होतो, तर रिंगांना, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांना, शिव्या घालू नका. व्हॉल्व्हच्या सीलमधनं रात्री ऑइल झिरपून खाली आलेलं असतं. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला, तरी बोट व्हॉल्व्ह गाइड आणि सीलकडंच जातं, कारण पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो ढिल्या गाइडमधनं ऑइल ओढून घेतो. चढावर, लोडवर, पाय दाबलेला असताना धूर सलग येत असेल, तर मात्र रिंगा.

कोल्हापूरकरांना हे तपासायला यंत्र लागत नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागा, वाघबीळचा चढ चढा, वरनं परत फिरा. मागं एक जण मोटरसायकलवर मोबाइल धरून बसवा. चढताना आणि उतरताना असे दोन व्हिडिओ पुरेत. फक्त पावसाळ्यात, विशेषतः सकाळी, पांढरी वाफ आणि निळा धूर यांत घोळ करू नका. वाफ हवेत विरून जाते. निळा धूर मागं रेंगाळतो आणि त्याला जळक्या तेलाचा वास येतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. इंजिन नुकतंच बांधलंय आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरांत थोडा धूर येतोय, तर घाबरू नका. बांधताना लावलेलं ऑइल जळत असतं, आणि जुन्या इंजिननं सायलेन्सरमध्ये साठवलेलं ऑइलही तापून बाहेर पडत असतं. त्यासाठी कुणी हेड उघडलं तर फुकटचं गॅस्केट गेलं.

आण्णांची ओम्नी चढावर धूर काढत होती. मग कंप्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. आकडे आले १२५, १३०, १२० पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, दोन फेरे फिरवलं आणि परत घेतलं. १६०, १५५, १६०. ऑइल घातल्यावर काटा अशी उडी मारतो तेव्हा दाब रिंगांच्या कडेनं गळतोय हे नक्की, कारण ते चमचाभर ऑइल रिंग आणि भिंत यांच्यातली फट तेवढ्यापुरती बुजवतं. आकडा हलला नसता तर मी व्हॉल्व्हकडं वळलो असतो.

कधी कंप्रेशन चांगलं येतं आणि गाडी तरीही ऑइल खाते. तिथं खालची ऑइल रिंग बघावी लागते. तीन भागांची ऑइल रिंग असेल तर मधल्या नागमोडी पट्टीची दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. घाईत ती चढतात. दुसरी कॉम्प्रेशन रिंग उलटी बसवली तरी तेच होतं. तिच्यावरची खूण वरच्या बाजूला हवी. उलटी बसली की खाली खरवडून न्यायचं ऑइल ती वर ढकलते. या चुकांवर जगातलं कुठलंही ऑइल उपाय नाही, इंजिन परत उघडायचं.

हेड उघडल्यावर काय दिसलं

आण्णांचं इंजिन उघडलं. रिंगा सरळ, खुणा वर, गॅप बरोबर. आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत? आरसा. हातातली बॅटरी मारली तर तिचा गोळा भिंतीत दिसत होता. नखाला काही लागत नव्हतं. मधल्या पट्ट्यात पिवळसर-तपकिरी वार्निशसारखा थर, होनिंगच्या तिरप्या रेघा त्याखाली बुजून गेलेल्या. वरच्या रिंगेचा बाहेरचा कड जिथं चारी बाजूंनी सारखा चकाकायला हवा होता, तिथं निम्म्या भागावर कारखान्यातलाच राखाडी रंग होता. म्हणजे ती रिंग भिंतीला पूर्ण टेकलीच नव्हती.

ज्यांच्या घरात पाटा-वरवंटा होता त्यांना हे समजवावं लागत नाही. पाटा वापरून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, वरवंटा नुसता घसरतो. मग टाकीवाला यायचा, छिन्नीनं पाट्यावर बारीक टिंबं उठवायचा, आणि वरवंटा परत पकड घ्यायचा. सिलिंडरचं होनिंग म्हणजे बोअरला लावलेली टाकी. दगड फिरवून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा मारतात, साधारण ४५ अंशांच्या आसपास. त्या रेघांच्या खाचांत ऑइल राहतं आणि त्यांचे उंचवटे नव्या रिंगेला घासतात. रिंग भिंतीला घासते, भिंत रिंगेला घासते, दोघं एकमेकांच्या मापाची होतात. रिंग बसली म्हणतात ती ही.

उंचवटे एकदाच झिजतात. ते झिजायच्या आधी खाचा वार्निशनं भरल्या, की रिंग आयुष्यभर वरच्या वर घसरत राहते. याला ग्लेझिंग म्हणतात.

आता मुद्द्याचं. रिंग भिंतीवर दाबतो कोण? तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा जोर जळलेल्या गॅसचा. तो पिस्टनच्या वरनं रिंगेच्या मागच्या खोबणीत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. आयडलवर सिलिंडरमध्ये दाब नगण्य. इंजिन फिरतंय, ऑइल भिंतीवर उडतंय, पण रिंगेला मागनं रेटणारं कुणी नाही. ऑइल रिंगेच्या वर जातं, भाजतं, खाचांत चिकटतं. सकाळपासनं दुपारपर्यंत आयडल म्हणजे चार-पाच तास हेच. त्यानंतर हजार किलोमीटर चाळीसच्या आत, म्हणजे परत दाब नाही. 'रनिंग इन' लिहिलेली पाटी मागच्या काचेला लावून रांगणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांच्या डोक्यात हे जपणं पक्कं बसलंय. सवय जुनी आहे म्हणून तिला मान देऊ नका.

मग ऑइलचा दोष किती?

सिंथेटिक घातलं की रिंगा कधीच बसत नाहीत, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर शोरूममधनं सिंथेटिक भरून निघणाऱ्या नव्या गाड्या रस्त्यावर धूर काढत फिरल्या असत्या. पण त्या कारखान्यात बोअरवरच्या रेघांची टोकं आधीच यंत्रावर छाटून दिलेली असतात. प्लेटो होनिंग म्हणतात त्याला. रिंगेसाठी काम फार उरतच नाही. आपल्याकडं उद्यमनगरात कारागीर कितीही हातखंडा असला, तरी जुन्या ब्लॉकवर हाताच्या होननं मारलेली रेघ ही मारलेली रेघच. तिथं रिंगेला स्वतः घासून जागा करावी लागते. अशा वेळी घर्षण कमी करायलाच बनवलेलं ऑइल घालणं म्हणजे टाकी लावलेल्या पाट्यावर आधी तूप चोपडणं.

माझ्या हिशेबात गुन्हेगारांची ओळ अशी: पहिला आयडल, दुसरं जपून चालवणं, तिसरी बोअरची धुलाई (ती पुढं सांगतो), आणि ऑइल चौथं. ऑइल एकटं गुन्हा करत नाही, साथ देतं. पण साथ काढून घेणं सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून पहिला डबा साधा मिनरल घ्या. तो तसाही लवकर ओतून टाकायचाय.

साधा म्हणजे कुठला? डब्याच्या मागं गोल शिक्का असतो. मधे ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड ते, वरच्या अर्ध्या गोलात एपीआय या अमेरिकन संस्थेच्या दर्जाची अक्षरं. खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असेल तर तो डबा परत कपाटात ठेवा. इंधन वाचवायला त्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. रिंगा बसल्या की ती चांगलीच, आत्ता नकोत. त्याच कारणानं मॉलिब्डेनम, टेफ्लॉनची बाटली पहिल्या ऑइलात कुणी ओतायला सांगितली, तर हसून सोडून द्या.

कार्ब्युरेटरवाल्या ८००, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसेडर यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या पहिल्या भरणीचं पुढं वेगळं सांगतो. आपल्याकडची थंडी २०डब्ल्यूला अडवण्याएवढी पडत नाही. कंपनी कुठलीही चालेल, डबा सीलबंद हवा. सुट्टं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून नव्या इंजिनात घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त वॉरंटी देत नाही.

पण हाच शहाणपणा सगळ्या गाड्यांना लावू नका. काही नव्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, काहींत ऑइलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग असतं, बेअरिंगच्या फटी बारीक असतात. तिथं २०डब्ल्यू-५० घातलं की सकाळी टकटक ऐकायला मिळते. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय तर तोच ग्रेड घ्या, फक्त त्यातलं साधं, सगळ्यात महाग नव्हे. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरला फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. तिथं पुस्तकाच्या बाहेर पाऊल टाकायचंच नाही.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरवाल्यांसाठी

तुमच्या इंजिनात अजून एक जागा आहे जी पहिल्या वीस मिनिटांत बसते किंवा कायमची जाते. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, पाकळ्या आणि त्यांवर चालणारे सपाट टॅपेट. इथं धातूवर धातू घासतो, फार छोट्या जागेवर फार मोठा दाब येतो. या दोघांना वाचवतं ते ऑइलातलं झिंक आणि फॉस्फरस. दोन्ही एकाच द्रव्यातनं येतात, ते तापलं की धातूवर पातळ कवच धरतं.

आता हे फॉस्फरस धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. म्हणून पेट्रोल ऑइलात त्याचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं कमी होत गेलं. २००४ मध्ये एपीआयचा एसएम दर्जा आला तेव्हापासून पातळ ग्रेडमध्ये, म्हणजे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरेंत, फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के. २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० सारख्या जाड ग्रेडना ती मर्यादा तशी लागू नाही, हे बरेच जण विसरतात. म्हणजे पद्मिनीला हौसेनं पातळ, महागडं ऑइल घातलं तर दोन्हीकडनं तोटा: ग्रेडही चुकला आणि झिंकही कमी.

सपाट टॅपेटच्या इंजिनाला पहिल्या भरणीला मी सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० मिनरल डिझेल ऑइल घालतो. 'सी'नं सुरू होतं म्हणून पेट्रोल गाडीला वर्ज्य, असं काही नाही. त्यावर पेट्रोलचा 'एस' दर्जाही छापलेला असतो बहुतेक वेळा, तो बघून घ्या. या ऑइलात झिंक भरपूर असतं. वेगळी झिंकची बाटली वरनं ओतू नका, जास्त झालं की तेही बाधतं.

आणि रिंगांच्या बाबतीत जे सांगितलं ते इथंही खरं, थोड्या वेगळ्या कारणानं. आयडलवर कॅमला ऑइल पुरत नाही. ते क्रँकच्या उडवण्यातनं मिळतं आणि क्रँक हळू फिरला की उडत नाही. म्हणून या गाड्या सुरू झाल्या की लगेच दोन ते अडीच हजार आरपीएमवर न्यायच्या आणि वीस मिनिटं वर-खाली करत तिथंच ठेवायच्या. त्यासाठी सुरू करायच्या आधी सगळं तयार पाहिजे: पाणी भरलेलं, टायमिंग बरोबर, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आलेलं. अर्धा तास स्टार्टर मारत बसलात तर बांधताना कॅमला लावलेली पेस्ट पुसून गेलीच म्हणून समजा.

८०० आणि ओम्नीचा कॅम वर हेडमध्ये असतो, तिथं एवढं कडक पाळावं लागत नाही.

धुलाई

इथं माझीच चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी बोअर होन करून आला की मी रॉकेल मारून हवेनं उडवायचो. चकाचक दिसायचा. एका ८००चं बेअरिंग दोन महिन्यांत ओरखडून परत आलं, तेव्हा एका जुन्या मिस्त्रींनी मला माझ्याच दुकानात पांढरं फडकं ऑइलात बुडवून दुसऱ्या ब्लॉकच्या 'स्वच्छ' बोअरमध्ये फिरवायला लावलं. फडकं राखाडी निघालं. होनच्या दगडाची पूड होती ती. रॉकेल आणि पेट्रोल ती पूड रेघांत अजून खोल बसवतं, बाहेर काढत नाही.

गरम पाणी, कपड्याचा साबण, कडक ब्रश. चारदा घासायचं. मग स्वच्छ पांढरं फडकं ऑइलात भिजवून फिरवायचं, पांढरं निघेपर्यंत. आणि लगेच ऑइलचा हात. जून ते सप्टेंबर आपल्याकडं उघडा बोअर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस होतो, हे अतिशयोक्तीनं सांगत नाही.

रिंगा बसवताना फक्त साधं इंजिन ऑइल लावायचं, तेही थोडं. कॅमची काळी पेस्ट किंवा ग्रीस रिंगांना लावू नये.

पहिला तास रस्त्यावर

सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पंप भरला, बेअरिंगांना ऑइल पोचलं. प्लग लावा, सुरू करा. गळती, पाणी, दिवा बघा. जरा गरम झालं की चला. अंगणात उभी करून पाहुण्यांना आवाज ऐकवत बसू नका.

चोक विसरू नका, म्हणजे काढायला विसरू नका. जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं, रिंग कोरडी घासते आणि चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या खालच्या टाकीतलं, ऑइल पातळ होतं. ऑइल मोजायची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आधी कार्ब्युरेटर, मग बाकीचं.

मी शहरातनं बाहेर पडायला पहाटेची वेळ घेतो. तावडे हॉटेलच्या चौकात किंवा तारा राणी चौकातल्या सिग्नलला अर्धा तास घालवला तर परत आयडलच झालं की. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसला गाडी आणायची, पाय बऱ्यापैकी दाबायचा, साठपर्यंत जाऊ द्यायची. मग पाय पूर्ण काढायचा आणि गिअरमध्येच ती तीस-पस्तीसपर्यंत उतरू द्यायची, ब्रेक नाही. दाबताना गॅस रिंगेला भिंतीवर रेटतो. सोडताना व्हॅक्यूम थोडं ऑइल वर ओढतो, घासून निघालेली पूड धुतो आणि रिंगेला गार करतो. असं दहा-पंधरा वेळा. मधे दोन-चार मिनिटं सरळ चालवून तापमानाचा काटा बघायचा. चढाचा रस्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यासाठीच मी पन्हाळ्याकडं वळतो.

काय करायचं नाही? एकाच वेगानं तासभर चालवायचं नाही, म्हणजे नवं इंजिन घेऊन सरळ हायवेनं पुण्याला निघायचं नाही. आणि टॉप गिअरमध्ये तीसच्या वेगानं पाय दाबून इंजिन धापा टाकेल असं ओढायचं नाही. लोड हवा, पण श्वास घेता येईल एवढा.

हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगताना माझा घसा बसतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की इंजिन घाईत बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या भरून कारखान्याच्या रांगेत. तिथं दोन्ही टोकं गाठली जातात: रस्त्यावर जीव जाईस्तोवर ओढ आणि रांगेत रात्रभर आयडल. डिझेलला आयडल पेट्रोलपेक्षाही वाईट. अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल मिळून सायलेन्सरच्या सांध्यातनं काळा चिकटा गळायला लागला की समजायचं. एक रिकामी, मग एक अर्धी, मग एक भरलेली ट्रॉली, असं तीन दिवस केलं तरी पुष्कळ. रांगेत इंजिन बंद करा.

ऑइल कधी बदलायचं

पहिलं ऑइल पहिल्या फेरीनंतर, म्हणजे साधारण पन्नास-ऐंशी किलोमीटरांनी, गरम असतानाच काढतो. फिल्टरसह. आमच्या आजीकडं टाकी लावल्यावर पाट्यावरची पहिली चटणी कुणी खात नसे. मीठ वाटून टाकून द्यायचं, खडीची कचकच जायची. तोच हिशेब. पैसे जास्त वाटतात, पण मिनरल आहे, म्हणून तर मिनरल घेतलं.

काढलेलं ऑइल पांढऱ्या टबात उन्हात धरा. राखाडी, चंदेरी, पिठासारखी चमक असणारच, रिंग आणि भिंत घासल्याची ती खूण. पिवळे, तांबूस तुकडे दिसले तर मात्र बेअरिंग खातंय, गाडी पुढं चालवू नका. फिल्टर फोडून बघायचा असेल तर हॅकसॉनं कापू नका, ब्लेडचाच चुरा आत पडतो आणि मग तुम्ही त्यालाच घाबरता. छिन्नीनं कडा उघडा.

मग परत मिनरल, पाचशेला बदला. परत मिनरल, दीड-दोन हजारांपर्यंत. दरम्यान खप मोजा: गाडी नेहमी एकाच सपाट जागी, सकाळी गार असताना, पट्टी पुसून, आणि किलोमीटर वहीत लिहून. डोळ्यांच्या अंदाजानं "जरा कमी झालंय" याला काही अर्थ नसतो. पहिल्या पाचशेत खप असतो, पुढं तो उतरत गेला पाहिजे. उतरतोय तर धीर धरा. क्रोमच्या रिंगा साध्या बिडाच्या किंवा मॉलीच्या रिंगांपेक्षा उशिरा बसतात, त्यांना जास्त किलोमीटर द्यावे लागतात. खप बदलत नाहीये तर रिंगा बसणार नाहीत.

ज्यांचं आधीच ग्लेझ झालंय त्यांनी

शंभर-दोनशे किलोमीटरच झाले असतील तर एक संधी घ्या. सिंथेटिक काढा, मिनरल भरा आणि वर सांगितलेली पाय दाबायची-सोडायची फेरी करा, दोन-तीन दिवस. थर कोवळा असेल तर सुटतो. माझ्याकडं निम्म्या गाड्या एवढ्यावर वाचल्यात. हजार किलोमीटर आयडल-चाळीसमध्ये गेले असतील तर वेळ घालवू नका, आण्णांसारखं हेड आणि चेंबर उतरवा. बोअर परत मारायची गरज नाही, माप वाढलेलं नसतं. हलकं होनिंग करून रेघा परत उठवायच्या, साबण-पाणी, आणि रिंगा नव्या. जुन्याच रिंगा परत घालून पैसे वाचवायचा मोह होतो. त्या अर्धवट एका आकाराला घासलेल्या असतात, परत जमत नाहीत.

आण्णांच्या ओम्नीला दोन दिवस गेले. पहाटे पाचला मी आणि आण्णा वाघबीळला गेलो, मागं गुळाच्या चार ढेपा ठेवून. तिसऱ्यांदा पाय दाबल्यावर आण्णांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. "इंजिन फुटंल की ओ." मी म्हटलं, फुटलं तर माझ्याकडनं घ्या.

गेल्या आठवड्यात ते परत आले, वहीसकट. तेवीसशे किलोमीटर, शेवटच्या हजारात पट्टीवर पाव इंचसुद्धा उतरलेलं नाही. त्यांनी पिशवीतनं पोरानं पुण्याहून आणलेला उरलेला सिंथेटिकचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"आता घालू हे?"

"ग्रेड बघू द्या." ५डब्ल्यू-३०, खाली एनर्जी कन्झर्व्हिंगचा शिक्का. "ह्या गाडीला पातळ पडतंय, आण्णा. द्या ठेवून."

"मग पोराच्या बुलेटला?"

"तिचा क्लच ऑइलात बुडालेला असतो. घसरायला लागेल. तिला मोटरसायकलचंच ऑइल, जासो एमए लिहिलेलं."

आण्णांनी डबा परत पिशवीत घातला. "दाराच्या बिजागरीला तरी चालंल न्हवं?"

चालेल म्हटलं.